तिकिटामागची अक्षरं

खुशालराव : त्या खुर्चीवर नोका बसू, पंत. तिच्यावर लिलावाची चिठ्ठी लागली हाये. बसान, अन् कोर्टाचा नाझर तुमच्यासकट विकन तिले.

चिंतामणपंत : खुशालराव? अहो, दोन वर्षांत मिशा पार पांढऱ्या झाल्या की तुमच्या.

खुशालराव : कापसाचा भाव पडला तवा मिशीबी पडली. तुमी मातर हायेत तसेच. टपालात होते तवाबी असेच चालत होते, काखेत थैली नसली तरी हात आखडून. अकोल्याहून आले काय?

चिंतामणपंत : सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरलो, तिथून बैलांची दमणी केली. अमरावतीत शिरलो आणि पाय आपोआप या बंगल्याकडे वळले. साहेब आत बसले असतील असंच वाटलं.

खुशालराव : मले तं अजून वाटते. सरावनात ताप भरला, पाचव्या दिवशी गेला. तुमाले कोनी कळवलं?

चिंतामणपंत : कोणी नाही. वर्तमानपत्रात जाहिरात आली. 'नॅथन लॅम्बर्ट नावाचे अमेरिकन गृहस्थ मयत, वारस असल्यास कळवावं.' वारस काही आला नाही. मग ही लिलावाची जाहिरात.

खुशालराव : लॅम्बर्ट. आमचे लोक लंबट सायेब म्हनत. उंच होता ना, लोकायले वाटे, उंचीवरूनच नाव ठेवलं असन मायबापानं.

चिंतामणपंत : तुमची ओळख तर माझ्याही आधीची.

खुशालराव : वीस सालं. तिकडचा कापूस इकडं पिकवाले म्हनून तिवश्याले आला, खांद्यावर अमेरिकेच्या सरकीचं पोतं. पयल्यांदा माह्याच वावरात पेरलं त्यानं. झाडं आले कमरेइतके, पानं हे एवढाले, अन् बोंड पाहाले नाई. म्या म्हनलं, आता पळते हा. तं थो माह्या ओसरीवर येऊन बसला. म्हने, खुशाल, नुकसान माझं. पुढच्या साली तुमच्या बियानं पेरू, अन् तू मला शिकव.

चिंतामणपंत : 'तू मला शिकव' म्हणाले?

खुशालराव : असंच म्हनला. त्याच्या संगतीचे बाकी गोरे दोन सालात परत गेले. हा राहिला. झुनका-भाकर खाये, ठेचा खाये, डोयातून पानी काढत खाये. पन तुमी सांगा, तुमी काय घ्याले आले? पलंग घेता काय सायेबाचा?

चिंतामणपंत : पलंग नको. त्या टेबलाखाली पत्र्याची पेटी आहे ना, हिरवी? ती.

खुशालराव : पेटी?

चिंतामणपंत : चेहरा का हो उतरला तुमचा?

खुशालराव : मीबी त्याच पेटीसाठी आलो, पंत. त्याच्यात त्याच्या बहिनीचे पत्रं हायेत.

चिंतामणपंत : मला पत्रं नकोत. त्यांच्यावरची तिकिटं हवीत. माझ्यासाठी नव्हे, मुंबईच्या एका शेटजींसाठी. ते तिकिटं जमवतात.

खुशालराव : वापरलेले तिकिटं? शिक्का मारलेले?

चिंतामणपंत : हसू नका. मलाही हसू आलं होतं. पण विलायतेत आता हा मोठा नाद आहे. वह्या करतात, चिकटवतात, लिलावात बोली लावतात. आणि मी टपालातला माणूस. साहेबांकडे जायचो तेव्हा ते मला दाखवायचे. सगळ्यांत जुनी तिकिटं अठराशे सत्तेचाळीस सालची आहेत. अमेरिकेच्या सरकारनं काढलेली पहिलीच. पाच सेंटाचं तपकिरी, दहाचं काळं. चारच वर्षांनी सरकारनं ती रद्द केली. ज्यांच्याजवळ होती त्यांनी फेकून दिली. म्हणून आज मिळत नाहीत.

खुशालराव : अन् त्याच्यात बरं-वाईट कसं पाहता?

चिंतामणपंत : तेव्हा तिकिटांना आतासारखी भोकं नव्हती. कात्रीनं कापून लावायची. चारी बाजूंना कोरा कागद सुटला असेल तर उत्तम. चित्रात कात्री शिरली असेल तर किंमत निम्मी. शिक्का तोंडावर नको, कडेला असावा. रंग उडालेला नको. भिंग लावून बघावं लागतं. शिवाय एक निळं आहे, अमेरिकेतल्या लढाईतलं. दक्षिणेकडच्या राज्यांनी बंड करून आपलं वेगळं सरकार मांडलं, त्याचं. ते सरकारच बुडालं.

खुशालराव : थे लढाईतलं पत्र माह्या ध्यानात हाये. चार सालात एकच आलं.

चिंतामणपंत : माझ्याच हातानं दिलं मी. रोज सकाळी यायचे हो टपालात. मी मान हलवली की टोपी उचलायचे आणि परत जायचे. बाहेर बाजारात कापसाच्या गाड्यांना वाट मिळत नव्हती. त्यांच्या देशातला माल दर्यावर अडला म्हणून आपल्या गाठींना भाव. लोक पेढे वाटत होते.

खुशालराव : मीबी वाटले. त्यालेबी एक देला. त्यानं खाल्ला. मंग मले लाज वाटली.

चिंतामणपंत : पत्रं तुम्हाला कशाला हवीत, खुशालराव? इंग्रजी आहेत.

खुशालराव : बहिनीले कळवाचं हाये, भाऊ गेला म्हनून. तिचं पयलं शेत लढाईत गेलं, नवा पत्ता कोनाले ठाऊक नाई. पत्रात असन. अन् दुसरं... थो मले वाचून दाखवे ते. खयावर बसून. मी इचारो, बहीन काय म्हन्ते? थो म्हने, तिकडेच राहा म्हन्ते. दर पत्राले तेच. माह्या मनात ये, काय बहीन हाये बाप्पा, एकदाबी ये म्हनत नाई. म्हनून सन आला का मी त्याले घरी घेऊन जाओ. त्याचं कोनी नाई म्हनून.

चिंतामणपंत : मग असं करू. दोघांनी एकमेकांवर बोली लावली तर उगाच भाव चढेल. मी बोलतो. तिकिटं शेटजींची, पत्रं तुमची. कबूल?

खुशालराव : कबूल. पन हात सोडू नोका मधातच.

नाझर : चला, पुढे या. नंबर एकोणीस. पत्र्याची पेटी एक, हिरवा रंग, आत जुने कागद. कुलूप नाही. बोला, दोन रुपये.

चिंतामणपंत : पाच.

नाझर : पाच रुपये. अकोल्याचे पंत, पाच. कॅम्पातल्या कप्तानसाहेबांचा बटलर, आठ. साहेबांच्या मेमला वही करायची आहे म्हणे. आठ रुपये एक वार.

चिंतामणपंत : पंधरा.

नाझर : पंधरा. बटलर वीस. पंत पंचवीस. बटलर तीस. पंत पस्तीस. अरे, कागदाची पेटी आहे का हिऱ्यांची? चाळीस. पंत पंचेचाळीस. बटलर, बोल बाबा... पन्नास. पन्नास रुपये एक वार.

खुशालराव : पंत, बोला ना.

चिंतामणपंत : पन्नासाच्या पुढे मला हुकूम नाही, खुशालराव. शेटजींनी लिहूनच दिलंय.

नाझर : पन्नास, दोन वार.

खुशालराव : साठ. माह्याकडून.

नाझर : कोण? नाव सांगा.

खुशालराव : खुशालराव, तिवश्याचे. लिहून घ्या. साठ.

नाझर : साठ रुपये. बटलर, बोलतोस? मान हलवली. साठ एक वार, दोन वार, तीन वार. पेटी तिवश्याच्या पाटलांची.

खुशालराव : पाटील नाई मी. नुसतं खुशालराव लिहा.

(लिलाव आटोपल्यावर, बंगल्याच्या मागच्या ओट्यावर. मधे उघडी पेटी.)

चिंतामणपंत : पन्नास शेटजींचे, दहा तुमचे. तसा वाटा धरू. आधी पाकिटं बाजूला काढतो. ही बघा, एकतीस पाकिटं. ह्यांची अडचण नाही. पत्र आत, तिकीट बाहेर. पाकीट मला, पत्र तुम्हाला.

खुशालराव : वरच्या पाकिटावर पत्ता हाये काय तिचा?

चिंतामणपंत : आत शेवटी असतो. थांबा. हे ताजं दिसतं, यंदाच्या चैत्रातलं. हॅना लॅम्बर्ट... आणि हा पत्ता. गावाचं नाव स्पष्ट आहे. मिळाला, खुशालराव.

खुशालराव : बरं झालं. लय बरं झालं.

चिंतामणपंत : आता जुनी बघू. एक, दोन... पाच. ही सत्तेचाळीस ते एक्कावन्न सालची. भिंग द्या जरा. काय सुरेख आहे हो हे काळं. चारी बाजू मोकळ्या. लाल शिक्का, जाळीसारखा, चेहऱ्याला लागलाही नाही. इतकी वर्षं पेटीत राहिलं म्हणून रंग असा टिकला. शेटजी पाहतील तर...

खुशालराव : काय झालं? थांबले काहून?

चिंतामणपंत : ह्यांना पाकीट नाही.

खुशालराव : म्हंजे?

चिंतामणपंत : पूर्वी पाकिटं नसायची. पत्र लिहायचं, त्याचीच घडी घालायची, लाख लावायची, आणि त्याच्याच पाठीवर पत्ता आणि तिकीट. तिकीट आहे त्याच कागदाच्या आतल्या बाजूला तिची अक्षरं आहेत. तिकीट कापलं तर मागचे शब्द जातील.

खुशालराव : भिजवून नाई निघत?

चिंतामणपंत : निघतं. पण कागद भिजला की शाई पसरते. मग चौकोनाऐवजी सगळं पानच जाईल.

खुशालराव : अन् शेटजीले हेच पाच पायजेत.

चिंतामणपंत : हेच. बाकीची पाकिटं मुंबईतही सापडतात.

खुशालराव : मंग पाहा, मागं काय हाये. पानी-पावसाचं असन, तब्बेतीचं असन, तं कापा. माह्यामुळे तुमचं काम अडू नये.

चिंतामणपंत : मी जन्मात दुसऱ्याचं पत्र वाचलं नाही, खुशालराव. वीस वर्षं टपालात काढली.

खुशालराव : आता पेटी आपली हाये. वाचा.

चिंतामणपंत : बरं. ह्या काळ्याच्या मागं... उजेडात धरतो. दोन ओळी आहेत. 'तुझी खोली तशीच ठेवली आहे. नॅथन, घरी ये.'

खुशालराव : काय?

चिंतामणपंत : 'घरी ये.' स्वच्छ लिहिलंय.

खुशालराव : दुसरं पाहा.

चिंतामणपंत : हे अठ्ठेचाळीसचं. तिकिटामागं कोणाच्या तरी लग्नाचं आहे. पण खाली... 'या हिवाळ्यात तू निघशील ना? जहाजाचं भाडं मी पाठवते.'

खुशालराव : तिसरं.

चिंतामणपंत : 'तिथं तुझं कोण आहे, नॅथन? ये.'

खुशालराव : पंत, तुमी नीट वाचून राहिले ना? तिकडेच राहा, असं कुठी हाये काय?

चिंतामणपंत : नाही हो. कुठंच नाही. हे यंदाचंही बघतो. तेच. 'मी आता म्हातारी झाले. एकदा ये.'

खुशालराव : वीस सालं खोटं सांगत गेला मले. अन् मी त्याची कीव करत गेलो.

चिंतामणपंत : हे पन्नास सालचं जरा मोठं आहे. सगळं वाचू?

खुशालराव : वाचा.

चिंतामणपंत : 'वडील मार्चात गेले. शेताचा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर केला आहे. अठरा माणसं तुझ्या वाट्याला आली आहेत, आठ पुरुष, सहा बायका, चार मुलं. तू आला नाहीस तर त्यांना लिलावात विकावं लागेल. ये, आणि आपलं सांभाळ.'

खुशालराव : वाट्याले माणसं आली म्हंजे? नोकर?

चिंतामणपंत : नोकर नव्हेत. विकत घेतलेली माणसं. तिकडे कापसाची शेतं तशीच चालायची. बैलांसारखी माणसं घ्यायची, विकायची, मुलांच्या वाट्याला लावायची.

खुशालराव : आतासारखा लिलाव? एक वार, दोन वार?

चिंतामणपंत : तसाच. आता नाही राहिलं ते. लढाई झाली त्याच्यापायीच. शेवटी सगळी मोकळी केली.

खुशालराव : म्हंजे, ज्या लढाईनं आमच्या कापसाले भाव आला...

चिंतामणपंत : तीच लढाई.

खुशालराव : ...एक सांगू पंत? वेचनीले बाया लागत, तवा थो पयल्या दिवशी एकेकीले नाव इचारे. चाळीस बाया असल्या तं चाळीस नावं. चुकला तं पुन्हा इचारे. पार्बताबाई हासे. म्हने, ह्या गोऱ्याले आमच्या नावाशी काय कराचं हाये, कापूस मोजून घे अन् जा. मुकादम एकदा म्हनला, सायेब, आज तीस डोके आले. तवा त्याच्यावर असा भडकला! मले कधी समजलंच नाई, काहून भडकला ते.

चिंतामणपंत : मग त्या अठरा जणांचं काय झालं असेल? गेले नाहीत साहेब.

खुशालराव : इकले असतीन. त्याले माहीत असन. एकट्यालेच माहीत. जाऊन मालक व्हा, नाई तं न जाऊन इकू द्या. कसा झोपत असन थो?

चिंतामणपंत : पुढच्या पत्रात त्यांनी काही लिहिलं होतं असं दिसतं. एक्कावन्नमध्ये ती म्हणते, 'तू सांगितलंस तसं मी सगळ्यांना मोकळं करू शकले नाही. तिघांची कागदपत्रं केली. बाकीच्यांना मामांनी नेलं. मला माफ कर.'

खुशालराव : तीन.

चिंतामणपंत : तीन. आणि हे बरोबर तपकिरी तिकिटाच्या मागं आहे. कापलं तर 'तिघांची कागदपत्रं' एवढं जाईल.

खुशालराव : कात्री काढली तुमी?

चिंतामणपंत : काढली होती. ठेवून दिली.

खुशालराव : शेटजीले काय सांगसान?

चिंतामणपंत : खरं तेच. पाकिटांची तिकिटं पाठवतो, निळंही त्यांत आहे. या पाच पत्रांचं लिहितो, की कापण्याजोगी नाहीत.

खुशालराव : त्याचे पैसे मी भरतो.

चिंतामणपंत : पैशांवर नाही जायचे ते. त्यांना तिकिटं हवी होती. पुन्हा काम देणार नाहीत मला, एवढंच. बघू. पण ही पाच तुम्ही काय करणार?

खुशालराव : तिचे हायेत, तिलेच पाठवू. तुमी पत्र लिहून द्या. लिहा, सायेब गेले. कॅम्पाच्या मसनवट्यात ठेवलं हाये. गेले तवा मी जवळ होतो, हात माह्या हातात होता. अन् पिकाचं इचारत होते.

* * *

चिंतामणपंत : या, या. मी निरोप धाडला आणि तुम्ही आज लगेच अकोल्यात?

खुशालराव : तुमचा मानूस म्हने, पत्र आलं. मंग गाडीत बसलो. आता मूर्तिजापूर कवा आलं अन् गेलं, समजतच नाई. पयले बैलगाडीनं दोन मुक्काम पडत. सायेब अन् मी एकदा संगच आलो होतो अकोल्याले, कापूस घेऊन. वाटंत त्यानं मले त्याच्या देशातलं गानं शिकवलं. मले एक शब्द कळला नाई, तरी रातभर गात आलो.

चिंतामणपंत : बसा. पाणी घ्या.

खुशालराव : शेटजीचं काय झालं हो मंग? मी इचारलंच नाई.

चिंतामणपंत : दुसरा माणूस धरला त्यांनी. चालायचंच. काळं तिकीट मात्र कधी कधी डोळ्यांपुढे येतं माझ्या. एवढं नितळ पुन्हा पाहायला मिळायचं नाही. हे बघा, हे तिचं पत्र. पाकिटात आलंय. आठ महिने झाले आपण पाठवून.

खुशालराव : थकली असन ती. अक्षर कसं हाये?

चिंतामणपंत : जरा वाकडंतिकडं. पण वाचता येतं. तुमच्या नावानं आहे. 'श्री. खुशाल यांस.'

खुशालराव : माह्या?

चिंतामणपंत : तुमच्याच. 'तुमचं पत्र मिळालं. माझी पत्रं मिळाली. पाचही पत्रं जशी होती तशी आली, याबद्दल मी तुमची आणि पत्र लिहून देणाऱ्या गृहस्थांची ऋणी आहे. भाऊ गेला तेव्हा एकटा नव्हता, हे वाचून मी फार रडले. मला जे ठाऊक नव्हतं ते तुम्ही कळवलंत. आता एक गोष्ट मी तुम्हाला विचारते.'

खुशालराव : वाचा ना.

चिंतामणपंत : वाचतो. 'वीस वर्षं मी दर पत्रात त्याला घरी बोलावलं. आणि दर वेळी तो लिहायचा, खुशाल मला जाऊ देत नाही. मी निघतो म्हटलं की तो रस्त्यात उभा राहतो. म्हणतो, एवढं पीक घरात येऊ दे, मग जा. मला तुमचा फार राग यायचा, खुशाल. माझा भाऊ अडवून ठेवणारा हा कोण माणूस, असं वाटायचं. आता राग नाही. पण मरण्याआधी मला खरं कळू द्या. तो यायला निघायचा का? आणि तुम्ही त्याला थांबवायचात का?'

खुशालराव : झालं?

चिंतामणपंत : झालं. खाली नाव.

खुशालराव : मले सांगे, बहीन तिकडेच राहा म्हन्ते. अन् तिले सांगे, खुशाल जाऊ देत नाई.

चिंतामणपंत : कधी विचारलं होतं त्यांनी तुम्हाला? जाऊ का म्हणून?

खुशालराव : कधीच नाई. एकदाबी नाई.

चिंतामणपंत : मग उत्तर काय लिहू? तुम्ही सांगाल तसं लिहितो. घाई नाही.

खुशालराव : इचारलं नाई म्हनून लिहिलं, तं तिले काय वाटन?

चिंतामणपंत : की भावाला यायचंच नव्हतं.

खुशालराव : म्हातारी हाये ती आता.

चिंतामणपंत : हो. ती स्वतःच लिहिते तसं.

खुशालराव : लिहा मंग, पंत. लिहा, थो दरसाल निघे. सामान बांधून निघे. अन् मीच जाऊ देत नोतो.